ठरल्या किमतीचे ताट

एरवी ज्या हॉटेलात एका माणसाच्या रात्रीच्या जेवणाला अडीच हजार रुपये पडतात, तेच हॉटेल वर्षातले आठ-दहा दिवस दीड हजारात तीन पदार्थांचे जेवण कसे देते? त्यात हॉटेलवाल्याचा तोटा होत नाही का? आणि होत नसेल, तर गिऱ्हाईक कुठे फसते? मुंबई-पुण्याला नोकरीला लागलेली मुले सुट्टीत घरी येऊन ‘रेस्टॉरंट वीक’चे वर्णन करू लागली, की घरातली मोठी माणसे हमखास हे तीन प्रश्न विचारतात. त्यांचे उत्तर तीन गोष्टींत आहे: रिकामी खुर्ची, आखूड यादी आणि खाणाऱ्याने सोडलेली निवड. त्या समजून घेण्याआधी ठरल्या किमतीचे जेवण म्हणजे काय, ते पाहायला हवे.

1. पंगत आणि यादी

बाहेरचे जेवण मांडण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत पंगतीची. वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या कामरगावात लग्न असो की शेतातले रोडग्यांचे जेवण, बेत आधी ठरलेला असतो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे राख झटकून, फोडून पत्रावळीवर पडतात. त्यांवर तूप, बाजूला वांग्याची भाजी आणि वरण. वाढप्याला कोणी ‘वांग्याऐवजी दुसरे काही आहे का’ असे विचारत नाही. आचाऱ्याशी बोलणीही तशीच होतात: पदार्थ कोणते आणि माणसे किती, एवढे ठरले की ताटामागचा दर निघतो.

दुसरी रीत ढाब्याची. समोर यादी येते, प्रत्येक पदार्थापुढे किंमत असते आणि बसणारा सांगतो, ‘एक शेवभाजी, चार रोट्या, एक जिरा राईस.’ जे मागवले त्याचेच बिल.

या दोन रीतींना युरोपात फ्रेंच नावे मिळाली. जुन्या सरायांमध्ये ठरल्या वेळी, ठरल्या किमतीत, सगळ्या वाटसरूंना एकाच टेबलावर जे शिजले असेल ते वाढत. त्याला ‘ताब्ल द’ओत’, म्हणजे ‘यजमानाचे टेबल’ म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये रेस्टॉरंटे निघाली. तिथे वेगळे टेबल, छापील यादी आणि हव्या त्या वेळी हवा तो पदार्थ अशी सोय झाली. ही रीत ‘आ ला कार्त’, म्हणजे ‘यादीप्रमाणे’. पुढे रेस्टॉरंटांनीच दोन्हींचा मेळ घातला: वेगळे टेबल ठेवायचे, पण मोजके पदार्थ एका ठरल्या किमतीत द्यायचे. त्याचे नाव ‘प्री फिक्स’, शब्दशः ‘ठरलेली किंमत’. आपल्याकडे त्यालाच ‘सेट मेन्यू’ म्हणतात.

फरक एका वाक्यात असा: यादीच्या जेवणात खाणारा निवडीचे पैसे मोजतो; ठरल्या किमतीच्या जेवणात तो निवडीचा काही भाग सोडतो आणि त्या बदल्यात पैसे वाचवतो.

2. महाराष्ट्रातली ठरलेली ताटे

नाव परके असले, तरी हा व्यवहार महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळी याच हिशेबावर चालत. कोकणातून किंवा घाटावरून एकटा आलेला गिरणी कामगार महिन्याचे पैसे ठरवून दोन वेळचे जेवण घेई. तो गावी गेला, तर तितक्या दिवसांचा ‘खाडा’ धरून पैसे वजा होत. ताटात काय असेल ते खानावळवाली बाई ठरवी. माणसे किती आणि महिना किती, हे आधीच माहीत असल्याने तिला बाजार नेमका करता येई. प्रेमा पुरव यांनी 1975 साली स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ अशाच खानावळ चालवणाऱ्या बायकांच्या संघटनेतून उभे राहिले.

मुंबईतली नावाजलेली शाकाहारी भोजनालयेही याच वाटेची. माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 सालचे, काळबादेवीचे श्री ठाकर भोजनालय 1945 सालचे. इथे थाळीची किंमत एकच. बसणाऱ्याने आमटी घ्यायची की नाही, एवढेच ठरवायचे. ‘लिमिटेड’ थाळीत पदार्थांचे माप ठरलेले असते, ‘अनलिमिटेड’मध्ये फक्त किंमत.

माप ठरवणे म्हणजे काय, याचा सर्वांत काटेकोर नमुना शिवभोजन थाळीत दिसतो. 26 जानेवारी 2020 रोजी राज्य सरकारने ही योजना सुरू केली, तेव्हा 10 रुपयांत 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात आणि 100 ग्रॅम वरण ठरवून दिले होते. थाळीची खरी किंमत शहरात 50 आणि ग्रामीण भागात 35 रुपये धरली होती. 10 रुपयांच्या वरचा फरक सरकार भरणार होते.

या उदाहरणातून एक उपयोगी प्रश्न हाती लागतो. ठरल्या किमतीचे जेवण नेहमीपेक्षा स्वस्त असेल, तर मधला फरक कोण भरते? शिवभोजनात तो सरकारने भरला. रेस्टॉरंट वीकमध्ये कोण भरते, हे पाहायचे आहे.

3. रेस्टॉरंट वीक कुठून आला

जुलै 1992 मध्ये अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन न्यूयॉर्कला भरले. देशभरातून प्रतिनिधी आणि पत्रकार येणार होते. हॉटेलांचे मार्गदर्शक छापणारे टिम झगाट आणि नामवंत हॉटेल व्यावसायिक जो बॉम यांनी एक कल्पना मांडली: शहरातल्या उत्तमोत्तम रेस्टॉरंटांनी त्या आठवड्यात दुपारचे जेवण एकाच किमतीला द्यावे. किंमत ठरली 19 डॉलर 92 सेंट, म्हणजे चालू सालाचाच आकडा. उपक्रम एकदाच व्हायचा होता, पण टेबले इतकी भरली की तो दरवर्षीचा झाला. मग दुपारसोबत रात्रीचे जेवणही आले आणि उन्हाळ्यासोबत हिवाळ्यातला हप्ताही. जगभरच्या शहरांनी तोच साचा उचलला.

भारतात ‘रेस्टॉरंट वीक इंडिया’ 2010 साली मुंबईत सुरू झाला आणि नंतर दिल्ली, बंगळुरूसारख्या शहरांत गेला. साचा तोच: थोडे दिवस, निवडक नावाजलेली रेस्टॉरंटे, आधी नोंदवलेले टेबल आणि तीन टप्प्यांचे ठरल्या किमतीचे जेवण.

इथे ‘नावाजलेले’ या शब्दाचा अर्थ पाहायला हवा. युरोपात रेस्टॉरंटाला मिशलिन या टायर कंपनीच्या मार्गदर्शकाचे ‘तारे’ मिळतात, पण भारतातल्या रेस्टॉरंटांना ते तारे देत नाहीत. आपल्याकडचे नाव होते ते वर्तमानपत्री परीक्षणांतून, खवय्यांच्या तोंडी प्रसिद्धीतून आणि ‘आशियातील 50 सर्वोत्तम रेस्टॉरंटे’ यांसारख्या याद्यांतून. मुंबईत महालक्ष्मीला 2016 साली उघडलेले ‘मास्क’ या यादीत 2023 साली भारतातले सर्वोत्तम ठरले. गंमत अशी की तिथे मेन्यू कार्डातून पदार्थ निवडायचेच नसतात. शेफ ठरवील ते दहाएक छोटे पदार्थ एकामागून एक येतात. ठरल्या किमतीचे जेवण स्वस्तच असते असे नाही, याचा हा पुरावा. सर्वांत साध्या खानावळीत आणि सर्वांत महागड्या रेस्टॉरंटात निवड नसते. ती असते मधल्या सगळ्या हॉटेलांत.

4. रिकामी खुर्ची

सकाळची एसटी दहा सीट रिकाम्या घेऊन सुटली, तर त्या दहा सीटचे भाडे कायमचे गेले. दुपारच्या गाडीत त्या सीट जादा लावता येत नाहीत. डिझेल तेवढेच जळाले, ड्रायव्हर-कंडक्टरचा पगारही तेवढाच पडला. हॉटेलच्या खुर्चीचेही असेच आहे. सोमवारी रात्री रिकामी राहिलेली खुर्ची शनिवारी विकता येत नाही.

हॉटेलच्या खर्चाचे दोन भाग असतात. एक बांधील खर्च: जागेचे भाडे, पगार, विजेचे किमान बिल. गिऱ्हाईक येवो न येवो, तो होतोच. दुसरा चालता खर्च: भाजी, मासे, तेल, गॅस. तो माणसागणिक वाढतो.

एक कल्पित हिशेब मांडू. एका रेस्टॉरंटात 60 खुर्च्या आहेत. बांधील खर्च रात्रीला 60,000 रुपये. माणशी बिल 2,500 आणि त्यात सामानाचा खर्च 800; म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकामागे 1,700 रुपये उरतात.

शनिवारी 60 खुर्च्या भरल्या: 60 गुणिले 1,700 म्हणजे 1,02,000. बांधील खर्च वजा जाता 42,000 नफा.

सोमवारी 25 माणसे आली: 25 गुणिले 1,700 म्हणजे 42,500. बांधील खर्च वजा जाता 17,500 तोटा.

आता त्या सोमवारी 1,500 रुपयांचा सेट मेन्यू लावला. सामानाचा खर्च 500 वर आणला (तो कसा, ते पुढच्या भागात), म्हणजे माणशी 1,000 उरले. सगळ्या 60 खुर्च्या भरल्या, तर 60,000 रुपये हाती येतात आणि बांधील खर्च बरोबर निघतो. त्यात निम्म्या लोकांनी वरून एखादे पेय मागवले आणि प्रत्येकी 300 सुटले, तर 9,000 नफा. 17,500 तोट्याचा सोमवार 9,000 नफ्याचा झाला. फरक 26,500 रुपयांचा.

म्हणजे स्वस्ताईची किंमत भरली ती त्या 35 रिकाम्या खुर्च्यांनी.

हाच हिशेब शनिवारी उलटतो. भरलेल्या रात्री तोच सेट मेन्यू दिला, तर 1,02,000 ऐवजी 60,000 येतात आणि पेयांचे 9,000 धरले तरी 33,000 रुपयांचे नुकसान होते. म्हणूनच अनेक रेस्टॉरंटे ही सवलत दुपारपुरती किंवा सोमवार ते गुरुवार ठेवतात, नाहीतर रात्री दोन पाळ्या लावतात: एक साडेसातची, एक पावणेदहाची. गावच्या लग्नातली पहिली पंगत आणि दुसरी पंगत, तसेच हे. फरक एवढाच की इथे पहिल्या पंगतीला वेळेवर उठावे लागते.

मग शनिवारीही सवलत देणारी रेस्टॉरंटे असे का करतात? ती नुकसान जाहिरातीच्या खात्यावर टाकतात. एरवी काचेच्या दारातून आत पाय न टाकणारा माणूस या आठवड्यात एकदा येतो. आवडले तर वाढदिवसाला पुन्हा येतो, आणि तेव्हा पूर्ण किंमत मोजतो.

5. आखूड यादी

सामानाचा खर्च 800 वरून 500 वर कसा येतो? निकृष्ट माल वापरून येऊ शकतो. पण नावाजलेल्या रेस्टॉरंटाला नाव गमावणे परवडत नाही. खरा फरक पडतो तो यादीच्या लांबीने.

नेहमीच्या मेन्यू कार्डावर 50 पदार्थ असतील, तर त्या पन्नासही पदार्थांची कच्ची तयारी रोज करून ठेवावी लागते. त्यातल्या वीस पदार्थांना रात्रभर कोणी विचारतही नाही, आणि त्यांचे चिरलेले, मुरवलेले सामान फेकले जाते. सेट मेन्यूत पदार्थ असतात सात-आठ: पहिल्या टप्प्याला तीनातून एक, मुख्य जेवणाला तीनातून एक, शेवटी दोनातून एक गोड. माणसे किती येणार, हे नोंदणीमुळे आदल्या दिवशीच कळलेले असते. लग्नाचा आचारी चारशे माणसांचे वरण एका कढईत करतो, तेव्हा ते प्रत्येक घरी वेगळे केलेल्या वरणापेक्षा स्वस्त पडते आणि वायाही कमी जाते. हिशेब तोच.

पदार्थांची निवडही याच नजरेने होते. आधी करून ठेवता येतील आणि ऐन वेळी फक्त गरम करून किंवा सजवून देता येतील, असे पदार्थ यादीत जास्त दिसतात: सूप, मंद आचेवर शिजवलेले मटण, थंड करून ठेवलेली गोड वाटी. ताज्या तळणाचे आणि महाग माशाचे पदार्थ कमी दिसतात, किंवा त्यांच्यापुढे बारीक अक्षरात ‘300 रुपये जादा’ असे लिहिलेले असते.

‘टप्पा’ किंवा ‘कोर्स’ हा शब्दही इथेच समजून घ्यावा. मराठी ताटात सारे एकदम येते आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भाताची मूद. कोणता घास कधी घ्यायचा, हे खाणारा ठरवतो. पाश्चात्त्य पद्धतीत हा क्रम स्वयंपाकघर ठरवते आणि एक पदार्थ संपल्यावर दुसरा आणते. युरोपातही पूर्वी बरेच पदार्थ टेबलावर एकदम मांडत. एकामागून एक वाढण्याची ‘रशियन पद्धत’ तिथे एकोणिसाव्या शतकात रुळली. पहिल्यांदाच जाणाऱ्याला बशीतला पदार्थ तळहाताएवढा वाटतो, तो यामुळे. तिन्ही टप्पे मिळून एक ताट होते.

6. मोसमात महाग, मोसमाबाहेर स्वस्त

‘मोसमी’ जेवण म्हटले की महाराष्ट्रात आमरस आठवतो. पुण्या-मुंबईच्या थाळी देणाऱ्या भोजनालयांत आंबा सुरू झाला की आमरसाची थाळी लागते, आणि तिची किंमत एरवीच्या थाळीपेक्षा जास्त असते. रेस्टॉरंट वीकमध्ये किंमत उतरते. दोन्ही मोसमीच, मग उलटे का?

कारण मोसम दोन प्रकारचा असतो. आमरसाचा मोसम मालाचा आहे: आंबा थोडेच दिवस मिळतो, लोक त्यासाठीच येतात, खुर्च्या आपोआप भरतात. रेस्टॉरंट वीकचा मोसम गिऱ्हाइकाच्या ओहोटीचा आहे. न्यूयॉर्कमध्ये तो जानेवारी-फेब्रुवारीत येतो, कारण नाताळचा खर्च करून थकलेले लोक थंडीत घराबाहेर पडत नाहीत. आणि जुलै-ऑगस्टमध्ये येतो, कारण सधन लोक सुट्टीवर गेलेले असतात. आपल्याकडचे मंगल कार्यालयवालेही हे जाणतात. दाट तिथीला हॉल हव्या त्या भावाने जातो. तिथी नसलेल्या दिवशी तोच हॉल निम्म्यात मिळतो आणि वर खुर्च्या-मांडव फुकट.

यावरून एक ठोकताळा निघतो. ठरल्या किमतीची जाहिरात दिसली, की ती भरतीची आहे की ओहोटीची, हे आधी पाहावे. दिवाळी पाडव्याचा किंवा 31 डिसेंबरचा ‘खास सेट मेन्यू’ भरतीचा असतो. त्यात निवडही कमी होते आणि किंमतही वाढते.

7. दीड हजाराचे तेवीसशे कसे होतात

जाहिरातीतली किंमत आणि हातात पडणारे बिल यांत अंतर असते. दोन माणसांचे एक नमुना बिल पाहू.

सेट मेन्यू, 1,500 गुणिले 2: 3,000
दोन पेये: 800
बाटलीबंद पाणी: 200
एकूण: 4,000
सर्व्हिस चार्ज 10 टक्के: 400
जीएसटी 5 टक्के (4,400 वर): 220
देय रक्कम: 4,620

माणशी 2,310 रुपये. यातली प्रत्येक ओळ समजून घेण्यासारखी आहे.

पाणी: साधे पिण्याचे पाणी मागता येते. बाटली आपणहून टेबलावर आली, तरी ती उघडण्याआधी नको म्हणता येते.

सर्व्हिस चार्ज: हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या सूचनांनुसार हॉटेलला तो बिलात आपोआप लावता येत नाही. द्यायचा की नाही, हे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही या सूचना योग्य ठरवल्या. तो काढायला सांगता येतो, आणि हॉटेल ऐकत नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते. वरच्या बिलातून तो काढला, तर 4,000 वर 5 टक्के धरून 4,200 रुपये होतात. सेवा आवडली असेल, तर वेटरच्या हातात टीप देणे हा वेगळा मार्ग आहेच.

जीएसटी: हा द्यावाच लागतो. बहुतेक रेस्टॉरंटांना दर 5 टक्के आहे. दिवसाला 7,500 रुपयांहून महाग खोल्या असलेल्या मुक्कामाच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात तो 18 टक्के असतो. त्यामुळे जाहिरातीतली किंमत सारखी असली, तरी पंचतारांकित हॉटेलातले बिल जास्त होते. मद्यावर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट लागतो, म्हणून ते बिलात वेगळे दिसते.

8. स्वस्त पडले की नाही

सेट मेन्यूची जाहिरात नेहमी एकच तुलना दाखवते: यादीप्रमाणे घेतले असते तर किती झाले असते. समजा, निवडलेला पहिला पदार्थ कार्डावर 650 चा, मुख्य पदार्थ 950 चा आणि गोड 500 चे. बेरीज 2,100. सेट मेन्यू 1,500. वाचले 600.

पण ही तुलना पुरी नाही. तो माणूस एरवी आला असता, तर तीन पदार्थ घेतले असते का? बरेच जण मुख्य पदार्थ घेतात आणि गोड दोघांत एक मागवतात. तसे केले, तर खर्च 950 अधिक 250, म्हणजे 1,200. त्या माणसाला सेट मेन्यू 300 रुपयांनी महाग पडला; फक्त पोट जास्त भरले.

म्हणून जाण्याआधी चार गोष्टी पाहिल्या म्हणजे पुरे. एरवीचे कार्ड काढून आपण खरोखर मागवले असते तेवढ्याच पदार्थांची बेरीज करावी. सेट मेन्यूच्या प्रत्येक टप्प्यात किमान एक तरी पदार्थ आपल्याला चालणारा आहे का, हे बघावे. शाकाहारी माणसाला तीनातून एकच पर्याय उरतो, अशा याद्या पुष्कळ असतात. ‘जादा’ लिहिलेल्या पदार्थांचे पैसे हिशेबात धरावेत. आणि नोंदणीसाठी आगाऊ रक्कम घेतात का, न गेल्यास ती परत मिळते का, हे विचारून घ्यावे. आगाऊ रक्कम घेण्याचे कारण आता स्पष्ट आहे: न आलेले गिऱ्हाईक तीच रिकामी खुर्ची मागे ठेवते, जी भरण्यासाठी सगळा खटाटोप केला.

सुरुवातीच्या तीन प्रश्नांची उत्तरे यातून मिळतात. हॉटेल स्वस्त देते, कारण त्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी राहणार असते आणि आखूड यादीमुळे शिजवणे स्वस्त होते. हिशेब जमला, तर त्याचा तोटा होत नाही. आणि गिऱ्हाईक फसते ते एकाच वेळी: आपण निवड सोडली आहे हे विसरून, नको असलेला तिसरा पदार्थ केवळ किमतीत आहे म्हणून खाताना.